मोडलेले बिऱ्हाड, जुळलेला प्रयोग

म्हैसूरच्या एका थोर गवयाच्या नावातच बिऱ्हाड आहे. बिडारम कृष्णप्पा. जन्म १८६६चा, उडुपीजवळच्या नंदळिकेचा, घरची बोली कोकणी. घराण्याची यक्षगान मंडळी गावोगाव फिरे आणि जिथे थांबे तिथे तिचा 'बिडार' पडे, म्हणजे मुक्काम. मराठीतले 'बिढार' आणि 'बिऱ्हाड' याच गोतावळ्यातले शब्द. हे कृष्णप्पा पुढे म्हैसूर दरबारचे गायक झाले. शहरात त्यांनी प्रसन्न सीताराम मंदिर उभारले. व्हायोलिनला सात तारा चढवणारे चौडय्या त्यांच्याच हाताखाली तयार झाले. मंडळी केव्हाच विखुरली होती, पण तिचा मुक्काम या माणसाच्या नावापुढे कायमचा चिकटला.

फिरत्या कलावंत मंडळ्यांचा इतिहास लिहायचा तर या शब्दापासून सुरुवात करावी लागते. मंडळी फुटली असे आपण म्हणतो तेव्हा फुटते ते बिऱ्हाड. गाणे फुटत नाही. हा फरक लक्षात ठेवला की एका जुन्या प्रश्नाकडे नीट पाहता येते. एकेकाळी एका रंगमंचावर उभे राहिलेले, मग एकमेकांचे तोंड न पाहणारे कलावंत पुन्हा एकत्र येतात का? येतात तेव्हा कशासाठी येतात, आणि किती वेळासाठी?

१८८१मध्ये ब्रिटिशांनी म्हैसूरचे राज्य दहाव्या चामराजेंद्र वडियारांच्या हाती परत दिले. त्याच सुमारास त्यांच्या आश्रयाने तिथे कन्नड नाटकांची सभा उभी राहिली. बसवप्पा शास्त्रींनी 'शाकुंतल' कन्नडमध्ये आणले आणि 'अभिनव कालिदास' ही पदवी मिळवली. इकडे पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतला'चे पहिले चार अंक रंगमंचावर आणले होते. एकाच दशकात एकाच कालिदासाचे दोन भाषांत नवे घर झाले. अण्णासाहेबांचा जन्म गुर्लहोसूरचा, म्हणजे आजच्या बेळगाव जिल्ह्यातला. मराठी संगीत नाटकाची आणि कन्नड रंगभूमीची माती बरीचशी एकच होती. गवई, नट, पेटीवाले या दोन मुलुखांत सहज ये-जा करत.

या ये-जा करणाऱ्यांत १९३३च्या अखेरीस म्हैसूरहून कोल्हापूरला गेलेली एक नाटक मंडळी होती. नाव श्री साहित्य साम्राज्य नाटक मंडळी. तिचे दोन खांब होते, एम. व्ही. सुब्बय्या नायडू आणि आर. नागेंद्र राव. कोल्हापूरच्या छत्रपती सिनेटोन स्टुडिओत दोनेक महिन्यांत, सुमारे ४० हजार रुपयांत 'सती सुलोचना' हा कन्नडमधला पहिला बोलपट तयार झाला. नायडू इंद्रजित झाले. नागेंद्र राव रावण झाले आणि संगीताची जबाबदारीही त्यांनी घेतली. ३ मार्च १९३४ रोजी बंगळूरच्या पॅरामाउंट थिएटरात तो लागला. त्याची एकही प्रत आज शिल्लक नाही. बापलेकाच्या भूमिकेत उभी राहिलेली ही जोडी पुढे तेरा वर्षे टिकली आणि मग सुटली. तिच्याकडे शेवटी यायचेच आहे. त्याआधी ती ज्या कोल्हापुरात उतरली, त्या मुलुखाची गोष्ट सांगायला हवी, कारण मंडळ्या फुटण्याचा सगळ्यात मोठा अनुभव याच मुलुखाच्या गाठी होता.

नाटक मंडळी हा नुसता व्यवसाय कधीच नव्हता. चाळीस-पन्नास, कधी त्याहून जास्त माणसे एकत्र राहत, एका पंक्तीला जेवत, एका गाडीने गावोगाव जात. मुंज झालेली न झालेली पोरे आवाजाच्या जोरावर उचलून आणलेली असत. त्यांचे शिक्षण, आजारपण, कपडालत्ता कंपनीच पाही. काही जण भागीदार, बाकीचे पगारी. पडदे, कपड्यांच्या पेट्या, दागिने, ऑर्गन, सारंग्या ही सगळी मिळकत सामायिक. नाटककाराला बिदागी द्यायची, पुढच्या गावचे थिएटर ठरवायचे, पावसाळ्यात उत्पन्न बसले की सावकार गाठायचा. अशा घरात रोजचे दोन प्रश्न असतात. रात्रीच्या गल्ल्यातले कोणाचे किती, आणि नव्या नाटकात मुख्य भूमिका कोणाची. एकत्र कुटुंबातल्या वाटण्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना या भांडणांची जात वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

किर्लोस्कर नाटक मंडळी असे एक मोठे घर होते. अण्णासाहेब १८८५मध्ये गेले, भाऊराव कोल्हटकर १९०१मध्ये गेले, तरी घर उभे राहिले. १९०५मध्ये नारायण श्रीपाद राजहंस तिथे आले, ज्यांना महाराष्ट्र बालगंधर्व म्हणून ओळखतो. नायक नानासाहेब जोगळेकर, नायिका बालगंधर्व आणि विनोदी भूमिकांत गणपतराव बोडस अशी फळी जमली. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'मानापमान'चा पहिला प्रयोग झाला. चाली गोविंदराव टेंबे यांच्या. त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी गेली होती आणि तरी त्यांनी प्रयोग थांबवू दिला नाही. ही हकीगत मराठी घरांत इतकी सांगितली गेली आहे की तिच्यातले दुःख गुळगुळीत झाले आहे. पण ती पुन्हा नीट पाहावी. घरात लेकरू गेलेला बावीस वर्षांचा बाप संध्याकाळी शालू नेसतो, कारण प्रयोग बंद पडला तर साऱ्या कंपनीच्या पोटाला चिमटा बसणार. कंपनी म्हणजे घर, असे म्हणण्याचा अर्थ तो हा.

त्याच वर्षी जोगळेकर वारले. 'मानापमान'चा नायक धैर्यधर याच्या भूमिकेत त्यांच्या जागी खुद्द टेंबे उभे राहिले. पेटीवर गवई भास्करबुवा बखल्यांना साथ करणारा हा कोल्हापूरचा माणूस आता नायक झाला. पण घराची घडी विस्कटली होती. कारभार शंकरराव मुजुमदारांकडे होता, रात्रीचे थिएटर मात्र बालगंधर्वांच्या नावावर भरत होते. ज्याच्या गळ्यावर घर चालते त्याने पगारी राहावे की मालक व्हावे, हा प्रश्न एकदा तोंडातून बाहेर पडला की परत गिळता येत नाही. जुलै १९१३मध्ये बालगंधर्व, टेंबे आणि बोडस बाहेर पडले आणि तिघांच्या भागीदारीत गंधर्व नाटक मंडळी सुरू झाली.

यापुढचे भराभर सांगण्यासारखे आहे, कारण ते तसेच भराभर घडले. दोनेक वर्षांत टेंबे गंधर्व मंडळीतून निघाले आणि त्यांनी शिवराज संगीत मंडळी काढली. पुढे बोडसही निघाले. किर्लोस्कर मंडळीने बालगंधर्वांची रिकामी जागा भरायला दीनानाथ मंगेशकर या पोरसवद्या गायकाला आणले. १९१८मध्ये तेही चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह बाहेर पडले आणि बळवंत संगीत नाटक मंडळी उभी राहिली. तिकडे केशवराव भोसले. कोल्हापूरचा हा मुलगा 'शारदा'तल्या शारदेच्या भूमिकेने लहानपणीच गाजला होता. तो स्वदेशहितचिंतक मंडळीतून बाहेर पडला आणि १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीत त्याने ललितकलादर्श काढली. वय वर्षे सतरा.

दहा वर्षांत एवढी घरे मोडली आणि एवढी नवी झाली. या सगळ्या फुटींचा मराठी संगीताला तोटा झाला असे म्हणवत नाही. एका घराची चार घरे झाल्यावर चार नायिकांना, चार नाटककारांना, चार गायकांना जागा मिळाली. दीनानाथांना किर्लोस्करांच्या पायरीवर थांबून राहावे लागले असते तर त्यांचा आक्रमक, तीन सप्तकांत झेप घेणारा गळा कोणत्या नाटकात मोकळा झाला असता? राम गणेश गडकऱ्यांचे 'भावबंधन' बळवंत मंडळीच्या वाट्याला आले, तेही नवे घर झाले म्हणूनच. तरीही माणसांमध्ये काय तुटले याचा हिशेब वेगळा लागतो. बोडसांचे 'माझी भूमिका', टेंब्यांचे 'माझा जीवनविहार', चिंतामणरावांचे 'बहुरूपी' ही आत्मचरित्रे वाचताना जाणवते की ज्या घरातून आपण निघालो ते घर यांतल्या कोणाच्याच मनातून गेले नव्हते.

या काळातली एक परत येण्याची गोष्ट मात्र फार सुंदर आहे आणि तिचा एक धागा थेट म्हैसूरला जातो.

भास्करबुवा बखले लहानपणी किर्लोस्कर मंडळीत नट होते. 'रामराज्यवियोग' नाटकात कैकेयी करणारा हा मुलगा गोड गळ्यासाठी नावाजलेला. मग वय वाढले, आवाज फुटला. गाणाऱ्या मुलाचा आवाज फुटला की कंपनीत त्याची किंमत एका रात्रीत उतरते. कालपर्यंत ज्याच्यासाठी दूध वेगळे ठेवले जाई तो आज पंक्तीच्या शेवटी बसतो. भास्करबुवा कंपनी सोडून बडोद्याला फैज महंमद खाँकडे शिकायला गेले, मग आग्रा घराण्याच्या नत्थन खाँकडे. हे नत्थन खाँ म्हैसूर दरबारचे गायक. १९०१मध्ये त्यांचा देह म्हैसुरातच पडला. त्यानंतर भास्करबुवांनी अल्लादिया खाँची तालीम घेतली. लयीशी खेळण्याचे, बोल उलगडत नेण्याचे जे आग्र्याचे अंग त्यांच्या गाण्यात होते, ते म्हैसूरच्या दरबारी गायकाकडून आलेले देणे होते.

आणि मग हा गवई नाटकवाल्यांकडे परत आला. १९१६मध्ये गंधर्व मंडळीने खाडिलकरांचे 'स्वयंवर' रंगभूमीवर आणले, त्याच्या चाली भास्करबुवांच्या. 'द्रौपदी'च्याही त्यांच्याच. बालगंधर्व त्यांना गुरू मानत. ज्या जगाने आवाज फुटल्यावर बाजूला सारले, त्याच जगाला त्यांनी आपल्या आयुष्याची कमाई हातावर ठेवून दिली. कैकेयीची साडी परत नेसायला ते आले नव्हते. कंपनीच्या मुक्कामी ते आता तालमीच्या बैठकीवर बसत आणि समोर नायिकेची भूमिका करणारा नट मांडी घालून शिकत असे. जुन्या जागी परतण्याची ही एक रीत आहे. जागा तीच ठेवायची, बसायचे ठिकाण बदलायचे. तुटलेल्या जोड्या जोडू पाहणाऱ्यांना हे कधी सुचत नाही. ते जुनी भूमिका जशीच्या तशी परत मागतात आणि नेमके तेच मिळत नाही.

आता १९२१. बालगंधर्व आणि केशवराव हे कधीच एका मंडळीतले सहकारी नव्हते, हे आधीच सांगितले पाहिजे. पण त्यांच्यात असलेला दुरावा भागीदारांच्या भांडणापेक्षा कमी नव्हता, कारण तो दोघांचा नव्हताच, सगळ्या महाराष्ट्राचा होता. गंधर्वांचे आणि केशवरावांचे असे दोन पक्ष घराघरात होते. एकाचे गाणे मऊ, वळणावळणाने जाणारे, शब्दाला कुरवाळत पुढे सरकणारे. दुसऱ्याचे उंच पट्टीतले, तडफेचे, तानांच्या झोताने प्रेक्षकाला उठवून बसवणारे. एकाची वाहवा करणारा दुसऱ्याच्या नाटकाला गेला तर त्याला मित्रांत उत्तर द्यावे लागे. दोन्ही मंडळ्या एकमेकांच्या तोंडावर नवी नाटके, नवे पडदे, नवी भरजरी वस्त्रे आणत आणि त्या चढाओढीत दोघांवरही खर्चाचा डोंगर चढत होता.

लोकमान्य टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी गेले. त्यांच्या नावाने स्वराज्य फंड उभारायचे ठरले आणि ३१ मार्च १९२१ रोजी बेझवाड्याच्या बैठकीत काँग्रेसने ३० जूनपर्यंत एक कोटी रुपये जमवण्याचा निश्चय केला. देशभर झोळ्या फिरू लागल्या. बायकांनी हातातल्या बांगड्या उतरवून दिल्या. महाराष्ट्रातल्या नाटकवाल्यांनी काय द्यायचे? टिळकांचे त्यांच्याशी नाते जवळचे होते. नारायण राजहंस या मुलाला 'बालगंधर्व' म्हणणारे टिळकच, असे परंपरा सांगते, आणि 'मानापमान'चे कर्ते खाडिलकर तर 'केसरी'त टिळकांच्या मांडीला मांडी लावून काम केलेले. तेव्हा द्यायचे तर दोघांनी मिळून, एका प्रयोगाने द्यायचे असे ठरले.

८ जुलै १९२१ची रात्र, मुंबईतले ग्रँट रोडवरचे बालीवाला थिएटर. 'संयुक्त मानापमान'. धैर्यधर केशवराव, भामिनी बालगंधर्व.

नाटकाची निवडच अशी होती की प्रेक्षकांना दोन नाटके एकदम दिसावीत. 'मानापमान'ची कथा अपमानाची आहे. श्रीमंत घरची भामिनी गरीब सेनापतीला नाकारते, सेनापतीचा अहंकार दुखावतो. मग ती साध्या वेषात वनमाला होऊन त्याच्या जवळ येते आणि दोघांच्या मनातली अढी हळूहळू सुटते. रंगमंचावर एकमेकांचा मान दुखावलेले दोघे जण उभे होते आणि प्रेक्षकांत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते की हे दोघे खरोखरचे प्रतिस्पर्धी आहेत. केशवरावांनी तानेचा भडिमार करून पद संपवावे, टाळ्या थांबायच्या आत बालगंधर्वांनी आपला हळुवार स्वर लावावा. एका चालीचे दोन स्वभाव शेजारी शेजारी ऐकायला मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. जे वर्षानुवर्षे वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या रात्री ऐकून लोक वाद घालत होते, ते आज एका छपराखाली होते.

अशा प्रयोगाचे एक काम प्रेक्षकाच्या नजरेत कधी येत नाही, पण ते सगळ्यात अवघड असते. दोन मंडळ्यांच्या सवयी जुळवणे. पट्टी कोणाची धरायची? केशवरावांचा सूर उंच, बालगंधर्वांचा त्यांना सोयीचा. ऑर्गनवाल्याला एकाच प्रवेशात दोन घरांच्या चाली सांभाळायच्या. भामिनीने कोणत्या ओळीला मान वळवायची, धैर्यधराने तेव्हा कुठे उभे राहायचे, हे प्रत्येक कंपनीत वर्षांच्या सरावाने बसलेले असते. तबलजीला गायकाच्या श्वासाचे वळण पाठ असते. परक्या गायकासमोर हात एक मात्रा अडखळतोच. ते सगळे सांभाळून जे प्रेक्षकांपुढे आले त्यात कोणी जिंकले नाही आणि कोणी हरले नाही, असेच त्या पिढीने पुढच्या पिढीला सांगितले. हजारो रुपये फंडात गेले. मराठी रंगभूमीच्या इतिहासात त्या रात्रीसारखी दुसरी रात्र नाही. हे कौतुकाचे वाक्य वाटेल, पण ते मनापासून लिहिले आहे.

ती रात्र शक्य का झाली, हे मात्र नीट पाहायला हवे. दोघांनी एकमेकांशी समेट करायचा म्हणून ते एकत्र आले नाहीत. त्या दोघांहून मोठे काहीतरी मध्ये उभे होते. कोणी कोणाच्या दारात गेले नाही, दोघेही टिळकांच्या दारात गेले. मानाचा प्रश्नच उरला नाही. दुसरे म्हणजे बिऱ्हाडे वेगळीच राहिली. गल्ला कोणाचा हा प्रश्न नव्हता, कारण तो फंडाचा होता. कंपन्या एक करायच्या नव्हत्या. रोज एका पंक्तीला बसायचे नव्हते. ज्या दोन गोष्टींवर मंडळ्या फुटतात, म्हणजे पैसा आणि मान, त्या दोन्ही त्या रात्रीपुरत्या दाराबाहेर ठेवल्या गेल्या आणि आत फक्त गाणे उरले.

पुढच्या वर्षांत दोघांनी काय केले असते हे कळायला मार्गच राहिला नाही. तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव वारले. वय अवघे एकतीस. ललितकलादर्श त्यांचे शिष्य बापूराव पेंढारकर यांनी चालवली. भास्करबुवाही पुढच्याच वर्षी, ८ एप्रिल १९२२ रोजी गेले.

चाळीस वर्षांनी हीच घडी वेगळ्या लोकांत पुन्हा जमून आली. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, आणि दीनानाथांची थोरली लेक लता मंगेशकर. 'अलबेला', 'अनारकली', 'आझाद' अशा चित्रपटांत या दोघांनी मिळून जे गाणे दिले ते आजही तसेच ताजे आहे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्यात दुरावा आला आणि काम थांबले. मग चीनचे युद्ध झाले. कवी प्रदीप यांनी हुतात्मा जवानांवर गीत लिहिले, त्याला चाल सी. रामचंद्रांची. आधी ते आशा भोसले गाणार असे ठरत होते. अखेर ते लताबाईंनी गायले, २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर, पंतप्रधान नेहरूंच्या समोर. मध्यस्थी झाली ती प्रदीप यांची. पुन्हा तेच. दोघांच्या मध्ये दोघांहून मोठे काहीतरी होते, एक कवी दोघांचा होता आणि गल्ला कोणाच्याच घरी जायचा नव्हता. त्या दिवसानंतर दोघांचे पूर्वीसारखे सतत एकत्र काम मात्र झाले नाही. ते गीत राहिले.

गायक रफी आणि लता यांच्या अबोल्याचे तसे नव्हते. १९६०च्या दशकात दोघे काही वर्षे एकत्र गायले नाहीत, कारण गायकाला गाण्याच्या उत्पन्नात वाटा मिळावा की नाही यावर त्यांचे मत पटेना. लताबाई म्हणत मिळावा, रफीसाहेब म्हणत गाण्याचे पैसे घेतले की हक्क संपला. हा सरळ हिशेबाचा वाद होता. १९६७च्या सुमारास तो मिटला आणि मग दोघे पुढची कितीतरी वर्षे एकत्र गायले. तत्त्वाचा वाद, माणसाचा नव्हे. एकत्र राहायचे नव्हतेच, फक्त एका माइकसमोर उभे राहायचे होते. नाटक मंडळीच्या काळात ही सोय नव्हती. तिथे माइकसमोर उभे राहायचे तर आधी त्याच माणसाबरोबर जेवावे लागे.

म्हैसूरच्या जोडीकडे परत यायचे ते याच उजेडात. सुब्बय्या नायडू आणि नागेंद्र राव यांची मंडळीही बिऱ्हाडच होते, पण त्यांनी त्याला एक खिडकी ठेवली होती. ती खिडकी म्हणजे सिनेमा. रंगभूमीवर गाजलेले 'भूकैलास' १९४०मध्ये सुंदरराव नाडकर्णींच्या दिग्दर्शनाखाली तेलुगू चित्रपट झाले, त्यात दोघेही होते. १९४१मध्ये 'वसंतसेना', १९४३मध्ये 'सत्य हरिश्चंद्र', १९४७मध्ये 'महात्मा कबीर'. दरवेळी मंडळी नाटके करत गावोगाव फिरे, मग ही माणसे स्टुडिओत एकत्र येत, मग पुन्हा तंबू. त्यांच्यात वैराची कथा सांगितली जात नाही. पण दोघांचा ओढा दोन दिशांना होता. नागेंद्र राव मद्रासला सिनेमात रमले आणि १९५३मध्ये त्यांनी स्वतःच्या संस्थेचा 'जातकफल' काढला. नायडूंनी मंडळी सोडली नाही. सिनेमाने तंबूतले प्रेक्षक ओढून नेले त्या काळातही ते नाटक कंपनी चालवत राहिले, आणि त्यांच्या रंगमंचावर उभे राहिलेल्यांत पुढे कन्नड सिनेमाचा राजा झालेले राजकुमारही होते.

सुब्बय्या नायडू १९६२मध्ये गेले, नागेंद्र राव १९७७मध्ये. नायडूंचा मुलगा लोकेश नट झाला. नागेंद्र रावांच्या मुलांपैकी आर. एन. जयगोपाल गीतकार झाले, आर. एन. के. प्रसाद कॅमेऱ्यामागे गेले आणि सुदर्शन पडद्यावर आले. इंद्रजित आणि रावणाची ही पोरे एकाच कन्नड सिनेमाच्या कारखान्यात वाढली. त्यांच्या बापांनी ज्या कोल्हापुरात पहिला कन्नड बोलपट केला, त्या गावातले केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री आगीत जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांचा जन्मदिवस होता. सकाळी जळक्या भिंतींसमोर उभ्या असलेल्या गर्दीत जुने नट होते, पडदे ओढणारे होते, नाटकाच्या तिकिटासाठी लहानपणी रांगेत उभे राहिलेले होते, आणि बऱ्याच जणांच्या डोळ्यांत पाणी होते.